आपलं फायर अलार्म पॅनेल : ओळख, बिघाड आणि आपली जबाबदारी

रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत, अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.



रौप्यमहोत्सवात कुणाच्या वाट्याला सुगम संगीत आलं, कुणाच्या वाट्याला पाककृती स्पर्धेचं परीक्षण. माझ्या वाट्याला फायर अलार्म आला. मी काही इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालो, छत्तीस वर्षं बँकेत काढली आणि निवृत्तीनंतर कमिटीने माझ्याकडे पॅनेलचं रजिस्टर सोपवलं. रजिस्टर नीट ठेवणं एवढंच मला येतं. पण गेल्या वर्षभरात एक गोष्ट ध्यानात आली, की या यंत्रणेतले निम्मे बिघाड हे विजेचे नसतातच. ते हिशेबाचे असतात. म्हणून बोलायचं धाडस करतो आहे.

आजचा मुहूर्त योग्य आहे. १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन स्फोटकंही होती. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या स्फोटांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो.

आता थोडं कायद्याचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा आपल्याला लागू आहे. त्याचं कलम ३ काय सांगतं? इमारतीतली आगीची साधनं चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. म्हणजे आपली. बिल्डर पंचवीस वर्षांपूर्वी गेला, त्याचा आता काही संबंध नाही. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, 'फॉर्म बी' घेऊन तो अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. यंत्रणा सुस्थितीत आहे, असं त्या दाखल्यात लिहिलेलं असतं. दाखला आणि वस्तुस्थिती यांचा मेळ आहे का, हे मात्र आपल्यालाच बघावं लागतं. त्याकडे मी पुढे येतो.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्याकडे पूर्वी साधं, म्हणजे 'कन्व्हेन्शनल' पॅनेल होतं. त्यात इमारतीचे झोन असायचे. 'बी विंग' असा लाल दिवा लागायचा. अकरा मजल्यांपैकी कुठे, ते आपण धावत शोधायचं. सात वर्षांपूर्वी आपण 'अ‍ॅड्रेसेबल' पॅनेल बसवलं. नाव अवघड, कल्पना सोपी. बँकेत जसा प्रत्येक खातेदाराला खाते क्रमांक असतो, तसा इथे प्रत्येक धूरशोधकाला, प्रत्येक लाल काचेच्या 'कॉल पॉइंट'ला, प्रत्येक भोंग्याला स्वतंत्र क्रमांक असतो. दोन तारा पॅनेलमधून निघतात, सगळ्या मजल्यांवरून फिरतात आणि पुन्हा पॅनेलमध्येच येतात. याला लूप म्हणतात. पॅनेल अखंड हजेरी घेत असतं : एक नंबर आहेस का? दोन नंबर? तीन नंबर? ज्याने ओ दिली नाही त्याचं नाव लगेच पडद्यावर येतं. ज्याला धूर दिसला त्याचंही येतं.

आपल्याकडे दोन लूप आहेत. पहिल्यावर ए आणि बी विंगची ८४ उपकरणं, दुसऱ्यावर सी विंग, पार्किंग आणि पंपरूम मिळून ६४. एकूण १४८ खाती.

लूप गोल असण्याचा फायदा असा, की तार एका ठिकाणी तुटली तरी पॅनेल दोन्ही टोकांकडून बोलतं आणि सगळ्यांशी संपर्क राहतो. फक्त 'लूप ओपन' अशी तक्रार दाखवतं. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजे शॉर्ट झालं, तर मध्ये बसवलेले 'आयसोलेटर' तेवढाच तुकडा बाजूला काढतात आणि बाकीची यंत्रणा चालू राहते. पण हे तेव्हाच, जेव्हा आयसोलेटर पुरेसे बसवलेले असतील. कोटेशनमध्ये पैसे वाचवायला पहिली कात्री त्यांनाच लागते, हे कमिटीच्या नव्या सदस्यांनी लक्षात ठेवावं.

यंत्रणा बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी फक्त तारा तपासायच्या : सलग आहेत का, कुठे जमिनीला लागल्यात का. ही मेगरची चाचणी उपकरणं जोडण्याआधीच करायची, नाहीतर तो दाब इलेक्ट्रॉनिक भागांना झेपत नाही. मग प्रत्येक उपकरणाला क्रमांक द्यायचा. आपल्या डिटेक्टरमध्ये पाठीमागे दोन छोट्या चकत्या आहेत, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या. मग पॅनेलला 'ऑटो लर्न' सांगायचं, म्हणजे ते स्वतः लूपवर फिरून कोण कोण आहे ते नोंदवतं. इथे थांबून मोजायचं : यादीत ६४ आणि पॅनेलला सापडले ६३, तर एकाचा शोध घ्यायचा. दोघांना एकच क्रमांक दिला गेला असेल, तर तेही इथेच कळतं. त्यानंतर प्रत्येक क्रमांकाला ठिकाणाचं नाव द्यायचं : 'सी विंग, सातवा मजला, लिफ्टसमोर'. कुठे धूर दिसला तर कुठले भोंगे वाजायचे, लिफ्ट तळमजल्यावर यायची की नाही, हा तक्ता भरायचा. आणि शेवटी प्रत्येक उपकरण प्रत्यक्ष वाजवून बघायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. नमुना तपासणी इथे चालत नाही.

आता गेल्या जुलैची गोष्ट, कारण ती आपल्या सगळ्यांना आठवते आणि तिच्यावरून बरेच आवाज चढले होते.

पावसाचे दिवस. एका आठवड्यात तीन वेळा रात्री भोंगे झाले. पडद्यावर दर वेळी एकच ओळ : सी विंग, सातवा मजला, लिफ्टसमोर. पहिल्या रात्री सी विंगमधले जवळजवळ सगळे खाली आले. ज्येष्ठ मंडळींना धरून आणलं, लहान मुलं रडत होती. दुसऱ्या रात्री निम्मे आले. तिसऱ्या रात्री चार जण आले. आग कुठेच नव्हती. एजन्सीचा माणूस दोनदा येऊन सातव्या मजल्यावरचा डिटेक्टर साफ करून गेला. मग रहिवाशांची बैठक झाली आणि सूचना आली, की भोंगे बंद करून टाका, फॉर्म बी मिळतो आहे ना, पुरे झालं. सूचना करणाऱ्यांना मी दोष देत नाही. रात्री अडीचला हृदयविकाराच्या माणसाला सात मजले उतरवणं म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. पण खरा धोका मला त्या चार या आकड्यात दिसला. खोटा अलार्म तीनदा झाला की खऱ्या अलार्मला कुणी उठत नाही.

धागा मिळाला तो आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनकडून. तो म्हणाला, "काका, सातव्यावर मी तिन्ही वेळा गेलो. पण तिथल्या डिटेक्टरवर लाल दिवा लागलेलाच नसतो." ज्या डिटेक्टरने धूर पकडला त्याच्यावरचा लाल दिवा पॅनेल रीसेट करेपर्यंत पेटलेला राहतो. सातव्यावर दिवा नाही, म्हणजे ओरडणारा दुसराच कुणी होता.

बँकेत खातं जुळत नसेल तर एकच उपाय असतो : पहिल्या नोंदीपासून टिकमार्क करत यायचं. ऑगस्टमधल्या दोन रविवारी आम्ही तेच केलं. एक जण पॅनेलपाशी यादी घेऊन, दुसरा टेक्निशियनबरोबर मजल्यावर, मध्ये फोन. तपासणीच्या धुराचा स्प्रे मारायचा, पॅनेलवर कुठलं नाव येतं ते वाचायचं, टिक करायचं. भोंगे तेवढा वेळ बंद ठेवले होते आणि तशी नोटीस आधी लावली होती.

सी विंगच्या सातव्यावर स्प्रे मारला, पडद्यावर आलं 'अकरावा मजला'. अकराव्यावर मारला, आलं 'सातवा'. दोन्ही खाती एकमेकांच्या नावावर! कारण शोधायला वेळ लागला नाही. रंगकामाच्या वेळी रंगाऱ्यांनी डिटेक्टर काढून बादलीत ठेवले होते आणि नंतर हाताला येईल तसे परत बसवले. आपल्या यंत्रणेत क्रमांक डिटेक्टरच्या डोक्यात असतो, छताला लावलेल्या बैठकीत नाही. डोकं हललं की पत्ता हलतो. खरा दोषी अकराव्या मजल्यावर होता. त्याच्या वर लिफ्टच्या मशीनरूमशेजारी गच्चीचा स्लॅब झिरपत होता आणि ओल डिटेक्टरच्या आत जात होती. सातव्यावरचा डिटेक्टर दोनदा साफ झाला, आजारी होता अकराव्यावरचा.

क्षणभर कल्पना करा, की ती ओल नसून धूर असता. वॉचमन सातव्यावर शोधत बसला असता आणि आग अकराव्यावर पसरत गेली असती. चुकीचा पत्ता हा पत्ता नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो.

त्या दोन रविवारी आणखीही काही सापडलं. तीन डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळी घातलेली प्लॅस्टिकची टोपणं तशीच होती. टोपण घातलेला डिटेक्टर पॅनेलच्या हजेरीला ओ देतो, म्हणून पॅनेलला काही कळत नाही. फक्त त्याला धूर कधीच दिसणार नाही. आणि ए विंगच्या मीटररूमचा डिटेक्टर पॅनेलमधूनच 'डिसेबल' केलेला निघाला, पॉलिशपेपरच्या धुळीने वाजू नये म्हणून. काम संपल्यावर कुणी तो चालू केला नाही. पॅनेलवर पिवळा दिवा तेव्हापासून लागलेला होता. रोज बघून बघून आपल्याला वाटायला लागलं, की तो तसाच असतो. रंगकाम ते ही तपासणी यांत अडीच वर्षं गेली. त्या काळात पाच फॉर्म बी आले आणि पाचही दाखल्यांत सारं सुस्थितीत होतं. मी मघाशी मेळ म्हटलं, तो हा.

मीटररूमचं महत्त्व सांगायला हवं का? आणि पार्किंगचं? ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावला सात मजली 'जय भवानी' इमारतीत आग लागली, ती खाली पार्किंगमध्ये ठेवलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यातून आणि वाहनांतून पसरली. धूर वर चढत गेला आणि झोपेतली माणसं गेली. आपल्या पार्किंगमधली जुनी गादी, पुठ्ठ्याची खोकी आणि गणपतीच्या मखराचा थर्मोकोल ज्यांचा असेल, त्यांनी या आठवड्यात तो हलवावा ही नम्र विनंती.

आता नेहमीच्या बिघाडांची छोटी यादी देतो. प्रत्येक विंगने ती जपून ठेवावी.

पहिला, 'अर्थ फॉल्ट'. पावसाळ्यातलं हमखास दुखणं. आवरण निघालेली तार कुठेतरी ओल्या भिंतीला किंवा लोखंडी खोक्याला लागते. यंत्रणा चालू राहते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण दुसऱ्या तारेलाही तसंच झालं, की दोन्ही मिळून शॉर्ट होतं. शोधायची पद्धत म्हणजे निम्मे-निम्मे करणे. लूप मध्यावर सोडवायचा, दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं, मग त्या अर्ध्याचे दोन भाग. ६४ उपकरणांचे ३२, १६, ८, ४, २ आणि १, म्हणजे सहा पायऱ्यांत जागा सापडते. आपल्याकडे ती गाड्या धुवायच्या नळाशेजारच्या जंक्शन बॉक्समध्ये सापडली. गाड्या धुताना पाइपचं पाणी कुठे उडतं, तेवढं बघत जा.

दुसरा, 'उपकरण प्रतिसाद देत नाही'. डोकं सैल बसलंय, तार सुटली आहे किंवा कुणीतरी काढून ठेवलं आहे. घरात फर्निचरचं काम करणाऱ्यांनी लॉबीतल्या डिटेक्टरला स्वतःच्या मनाने हात लावू देऊ नये. वॉचमनला सांगा, रजिस्टरमध्ये नोंद करा.

तिसरा, बॅटरी. वीज गेली तर पॅनेल दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतं. हिशेब असा : शांत असताना पॅनेल ०.३५ अँपिअर घेतं, २४ तासांचे झाले ८.४. भोंगे वाजताना १.५ अँपिअर, अर्ध्या तासाचे ०.७५. बेरीज ९.१५. बॅटरी जुनी होत जाते म्हणून त्यावर पंचवीस टक्के राखीव धरायचे, झाले साधारण साडेअकरा. म्हणजे १२ अँपिअर-तासाची बॅटरी हवी. पण ती नवी असताना! या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षांत बदलाव्या लागतात. आपल्या सात वर्षांच्या आहेत. मोजमापात व्होल्टेज बरोबर दिसतं, पण वीज बंद करून चालवून बघितलं तेव्हा चार तासांतच त्या बसल्या.

चौथा बिघाड माणसाने केलेला. फॉल्ट सापडत नाही, उशीर झालाय, म्हणून टेक्निशियन पुन्हा 'ऑटो लर्न' मारतो. जे उपकरण ओ देत नव्हतं ते यादीतूनच गळतं. पॅनेलवर हिरवा दिवा, सगळे खूश. बँकेत फरक जुळत नसला की सस्पेन्स खात्यात टाकून ताळेबंद जुळवायचा मोह होतो, त्यातलाच हा प्रकार. फरक जात नाही, दिसेनासा होतो. म्हणून टेक्निशियन काम संपवून निघाला की आपल्या माणसाने एकच आकडा वाचायचा : पॅनेलमध्ये १४८ आहेत ना? १४७ असतील तर त्याच्या रिपोर्टवर सही करायची नाही.

याच कारणासाठी पॅनेलचा इंजिनिअर पातळीचा पासवर्ड, यादीची छापील प्रत आणि सेटिंगचा बॅकअप सोसायटीकडे असायला हवा. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात आणि जादा जोड सीलबंद पाकिटात दुसरीकडे. आपणही तसं केलं आहे. पाकीट सचिवांच्या कपाटात आहे, उघडलं तर दोघांच्या सह्या लागतात.

अलार्म झाल्यावर काय करायचं, ते थोडक्यात. वॉचमनने पडद्यावरचं ठिकाण मोठ्याने वाचायचं, एकाने फोन आणि अग्निशामक सिलिंडर घेऊन तिथे जायचं. खात्री होईपर्यंत भोंगे बंद करायचे नाहीत. धूर दिसला की लगेच १०१ किंवा ११२. पत्ता सांगताना पौड रोडकडून कसं यायचं, हे वॉचमनच्या टेबलावर लिहून लावलं आहे. गेटसमोर आणि आतल्या रस्त्यावर गाड्या लावू नका, नाहीतर बंब गेटपर्यंत येऊन थांबेल. आपण जिन्याने उतरायचं, लिफ्ट नाही. घराचं दार लावून घ्यायचं, कुलूप नको. जिन्यात धूर असेल तर घरातच थांबायचं, दाराच्या फटीत ओले टॉवेल लावायचे, खिडकीपाशी उभं राहून खाली कळवायचं. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या 'क्रिस्टल टॉवर'मध्ये आग लागली, चार जण गेले. इमारतीतली आगीची यंत्रणा बंद होती. त्या धुरात दहा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने शेजाऱ्यांना ओलं सुती कापड नाकातोंडाशी धरायला सांगितलं. ते तिला शाळेत शिकवलेलं होतं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. दहा वर्षांच्या मुलीला जे जमलं ते आपल्याला जमायला हरकत नाही.

आणि एक. ज्यांना जिना उतरता येत नाही अशांची विंगवार यादी मी करतो आहे. कृपया नावं द्यायला संकोच करू नका. माझंही नाव दोन-चार वर्षांत त्यात येईलच.

शेवटचा मुद्दा पैशाचा. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन विषय येतील : बॅटऱ्या बदलणे, सात वर्षांचे डिटेक्टर टप्प्याटप्प्याने साफ करणे किंवा बदलणे, आणि देखभाल करारात वर्षातून एकदा १४८ च्या १४८ उपकरणांची आपल्या माणसासमोर चाचणी ही अट घालणे. कोटेशनं नोटीस बोर्डावर आहेत. माझ्या हिशेबाने दर फ्लॅटमागे वर्षाला येणारा बोजा दिवाळीतल्या फटाक्यांच्या एका पिशवीपेक्षा जास्त नाही. दुसऱ्या बाजूला 'भोंगे बंद करा' ही सूचनाही पटलावर आहे. दोन्हींवर मतदान होईल. तुम्ही कुठलंही मत द्या, पण ते पॅनेलसमोर एकदा उभं राहून, त्याचा पडदा वाचून द्या. तळमजल्यावर, बी विंगच्या जिन्याजवळ आहे. बरीच मंडळी रोज त्याच्यावरून जातात.

सध्या तिथे फक्त हिरवा दिवा आहे. पिवळा दिसला तर वॉचमनला विचारा, का लागलाय. उत्तर मिळालं नाही तर माझ्या घरची बेल वाजवा. दुपारी दोन ते चार सोडून.

 बाहेर चहा-बिस्किटं आहेत आणि यादीच्या प्रती टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येक घराने एक न्यावी.